खांद्यावरची खाच

पंचवीस वर्षांपासून मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यात ब्लाऊज शिवते आहे. आमचा कापसाचा पट्टा. दिवाळीपासून वेचणी लागली की दिवसा गावात म्हातारी माणसं आणि लहान लेकरं तेवढी उरतात. बाया माझ्याकडे येतात त्या दिवेलागणीनंतर, हातांवर पऱ्हाटीचे ओरखडे घेऊन. माप घेताना मी दार लोटून घेते. छाती, मुंढा, बाही, उंची, कटोरीचं अंतर. पाच मिनिटांचं काम. पण त्या पाच मिनिटांत बाई जे बोलून जाते ते ती नवऱ्याशी बोललेली नसते, सासूशी नाही, आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात तर मुळीच नाही.

दोन वर्षांपूर्वी एकाच आठवड्यात दोघीजणी आल्या आणि दोघींनी एकच प्रश्न विचारला. छातीचं ऑपरेशन करावं का?

पहिली चाळिशीतली. तिचं माप मी लग्नापासून घेते आहे. तिनं पदर काढला तेव्हा मी पहिल्यांदा नीट पाहिलं. ब्राच्या पट्ट्यांनी दोन्ही खांद्यांवर बोट बसेल एवढ्या खोल खाचा पडल्या होत्या, कातडी काळी आणि निबर झालेली. छातीखाली, जिथं कातडीला कातडी लागते, तिथं घामानं चिघळून लाल झालेलं. सुती फडक्याची घडी करून ती तिथं दाबून ठेवते, दिवसातून तीनदा बदलते. वाकून निंदण करायला गेली की मान आणि पाठ भरून येते, रात्री उताणं झोपलं की छातीवर कुणी बसल्यासारखं होतं. मेडिकलमधून दुखण्याच्या गोळ्या आणून खायला तिला दहा वर्षं झाली. ‘वजन कमी कर’ म्हणून तिला पुष्कळांनी सांगितलं. भार कमी करायचं ऑपरेशन असतं हे कुणीच सांगितलं नव्हतं. तिनं ते टीव्हीवर कुठंतरी ऐकलं आणि मला विचारलं, ‘‘पन ते तं हिरोइनी करतात नं वो?’’

दुसरी एकोणीस वर्षांची, बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला. तीन ठिकाणचे पाहुणे पाहून गेले होते. तिसऱ्या ठिकाणहून मध्यस्थाच्या तोंडी निरोप आला, ‘‘पोरगी चांगली हाय, पन अंगानं भरली नाही.’’ तिला ब्लाऊजमध्ये दुहेरी पॅड टाकून हवं होतं. तिच्या मावसबहिणीनं मोबाइलवर नागपूरच्या कुठल्याशा दवाखान्याची जाहिरात दाखवली होती. आईनं पोत गहाण ठेवायची तयारी केली होती. ‘‘काकू, ऑपरेशननं वाढते म्हन्तात, ते खरं हाय का?’’

दोघींच्या गरजा एकमेकींच्या उलट. पण आपल्याकडे दोन्हीला एकच शब्द आहे, कॉस्मेटिक. विम्याच्या कागदावर तोच, घरच्यांच्या तोंडी तोच, आणि बाईच्या स्वतःच्या मनातही तोच. माझं म्हणणं असं आहे की या एका शब्दानं आपल्या भागातल्या बायांचं फार नुकसान केलं. जिला खरंच उपचार हवा आहे तिला तो शब्द लाजवून घरी बसवतो, आणि जिला काहीच झालेलं नाही तिला तोच शब्द पार्लरमधल्या फेशियलसारखं सोपं काहीतरी भासवून दवाखान्याच्या पायरीवर नेतो.

आधी वाढवण्याच्या ऑपरेशनबद्दल. त्याचा इतिहास वाचला तेव्हा मी सुन्न झाले होते. छातीत सिलिकॉनची पिशवी बसवण्याचं जगातलं पहिलं ऑपरेशन १९६२ साली अमेरिकेत, टेक्सासमधल्या ह्यूस्टन शहरात झालं. क्रोनिन आणि जेरो हे दोन सर्जन. ज्या बाईवर ते केलं ती कारखान्यात काम करणारी, सहा लेकरांची आई. ती धर्मादाय दवाखान्यात गेली होती छातीवरचं गोंदण काढून घ्यायला. डॉक्टरांनीच तिला विचारलं, हे नवीन आहे, तुझ्यावर करू का? तिनं सांगितलं की मला त्यापेक्षा माझे पुढं आलेले कान नीट करून हवे आहेत. मग तिचे कानही केले आणि पिशव्याही बसवल्या. म्हणजे या ऑपरेशनचा जन्मच अशा बाईच्या अंगावर झाला जिनं ते मागितलं नव्हतं. आमच्याकडे आजही कपाळावर, हातावर गोंदण असलेल्या म्हाताऱ्या आहेत. त्यांच्याकडे पाहिलं की मला ती बाई आठवते. दवाखान्यात आपण एक मागायला जातो आणि समोरचा माणूस आपल्यात दुसरंच काही पाहतो, हे आमच्या बायांना नवीन नाही.

त्या पिशवीचं पुढं काय होतं ते जाहिरातीत नसतं. शरीर तिच्याभोवती आपोआप एक पापुद्रा तयार करतं. काही जणींत तो आवळत जातो, छाती दगडासारखी कडक होते आणि दुखते. पिशवी आतल्या आत फुटू शकते, आणि सिलिकॉनची फुटली तर बाहेरून पुष्कळदा कळतही नाही. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं १९९२ साली सिलिकॉनच्या पिशव्यांवर जवळजवळ बंदी घातली होती, ती २००६ साली उठवली. पण त्याच प्रशासनानं २०११ साली सांगितलं की नुसत्या आकारासाठी पिशव्या बसवलेल्या पाच जणींपैकी एकीला दहा वर्षांच्या आत त्या काढाव्या लागतात. या पिशव्या आयुष्यभरासाठी नसतात, हे ते स्पष्ट शब्दांत सांगतात. २०१९ साली खरबरीत पृष्ठभागाच्या काही पिशव्या जगभरातून परत मागवल्या गेल्या, कारण त्यांचा संबंध एका दुर्मीळ प्रकारच्या कर्करोगाशी लागला. त्याआधी, २०१० साली, फ्रान्समधली एक कंपनी कारखान्यात वापरायचं सिलिकॉन बायांच्या छातीत भरत होती हे उघडकीला आलं. तिच्या संस्थापकाला २०१३ साली चार वर्षांची शिक्षा झाली. त्या पिशव्या तोवर कितीतरी देशांत पोचल्या होत्या.

हे मी भीती घालायला लिहीत नाही. हजारो जणी या पिशव्यांसह नीट जगतात, लेकरांना अंगावर पाजतात, कष्टाची कामं करतात. पण शहरातल्या बाईचा हिशोब आणि आमच्या पोरीचा हिशोब एक नसतो. सिलिकॉनची पिशवी बसवली की पाच-सहा वर्षांनी एमआरआय किंवा सोनोग्राफी करून ती शाबूत आहे का ते पाहायचं, आणि पुढं दर दोन-तीन वर्षांनी पुन्हा, असा सल्ला आहे. आमच्या जिल्ह्यातल्या पांढरकवड्याहून नागपूर दीडशे किलोमीटरच्या आसपास. एसटीला बायांना अर्धं तिकीट आहे, ते एक बरं. पण दिवसाची मजुरी बुडते, सोबत कुणीतरी लागतं, आणि एमआरआय फुकट होत नाही. उद्या ती लग्न होऊन आणखी आडगावी गेली तर? सासरच्यांना माहीतच नसेल तर ती तपासणीला जाईल कशी, काय सांगून जाईल? दहा वर्षांनी पिशवी बदलायची वेळ आली तर तो खर्च माहेरचा की सासरचा? लाखाच्या पुढचं हे ऑपरेशन. ‘लाडकी बहीण’चे महिन्याचे १,५०० रुपये साठवले तर एक लाख व्हायला साडेपाच वर्षं लागतात. गहाण ठेवलेली पोत सोडवताना माझ्या डोळ्यांदेखत किती घरं रडली आहेत. आणि हे सगळं करायचं कुणासाठी, तर अर्धा तास पोहे खाऊन गेलेल्या पाहुण्यांसाठी.

आणखी एक. एकोणीस हे वय यासाठी नाही. अमेरिकेत आकार वाढवण्यासाठी सिलिकॉनची पिशवी बावीस वर्षांच्या आत बसवायला मंजुरी नाही. मिठाच्या पाण्याची पिशवी अठरानंतर चालते. अंग अठरा-वीसपर्यंत बदलत असतं. पुढं दिवस राहिले की छाती बदलते, अंगावर पाजलं की बदलते, पाजणं सुटलं की पुन्हा बदलते. मी एकाच बाईची वीस वर्षांची मापं वहीत लिहून ठेवली आहेत. त्यांतलं एकही माप तीन वर्षांच्या वर टिकलेलं नाही. ज्या अंगाचं माप इतकं फिरतं, ते अंग एका पाहुण्याच्या शब्दावरून कापायला द्यायचं?

इथं त्या तेलं-मलमांचंही सांगून टाकते, कारण ऑपरेशन परवडत नाही त्या पोरी तिकडं वळतात. छातीत चरबी आणि दुधाच्या ग्रंथी असतात. चोळून, मालिश करून त्या वाढत नाहीत. छातीचा आकार सुधारतो असं सांगून औषधाची जाहिरात करायला १९५४ च्या कायद्यानं, म्हणजे औषधे व जादूटोणा उपचारांच्या आक्षेपार्ह जाहिरातींच्या कायद्यानं, बंदी आहे. सत्तर वर्षं झाली. आठवडी बाजारात आणि मोबाइलवर ते सगळं उघड विकलं जातं. अशा विक्रीवर कारवाई झाल्याचं आमच्या बाजारात मी कधी पाहिलं नाही.

आता त्या चाळिशीतल्या बाईकडे येते, कारण माझा जीव खरा तिच्यापाशी अडकलेला आहे.

भार कमी करण्याच्या ऑपरेशनमध्ये आत परकी वस्तू बसवत नाहीत. जास्तीची चरबी, ग्रंथी आणि कातडी काढतात. बोंड त्याच्या रक्तपुरवठ्यासकट वर सरकवतात. काढलेला भाग तपासणीला पाठवतात. बोंडाभोवती, तिथून खाली सरळ, आणि छातीखालच्या घडीत व्रण राहतात, ते जात नाहीत. काहींच्या बोंडाची संवेदना कमी होते, अंगावर पाजायला अडचण येऊ शकते. म्हणून लेकरं झाल्यावर केलेलं बरं, असं डॉक्टर सांगतात. चार ते सहा आठवडे जड उचलायचं नाही. म्हणजे हंडा नाही, सरपणाचा भारा नाही, कापसाचं गाठोडं नाही. आणि खर्रा बंद. आमच्या बाया हे लाजून सांगत नाहीत, पण सुपारी-तंबाखूचा खर्रा पुष्कळ जणी खातात, वेचणीच्या ओळीत तर हातोहात फिरतो. तंबाखूनं रक्तवाहिन्या आकसतात, जखम भरत नाही, सरकवलेल्या बोंडाला रक्त कमी पडून ते काळं पडू शकतं. ऑपरेशनच्या आधी आणि नंतर काही आठवडे तो सोडावाच लागतो. डॉक्टर ‘स्मोकिंग करता का’ विचारतात, बाई ‘नाही’ म्हणते, आणि दोघंही खरंच बोलत असतात. आमच्या भागात प्रश्न ‘खर्रा खाता का, मिश्री लावता का’ असा विचारला पाहिजे. रक्त कमी असण्याचंही तसंच. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या निम्म्याहून जास्त बायांच्या अंगात रक्त कमी निघालं. ते भरून निघाल्याशिवाय कुठलंही ठरवून करायचं ऑपरेशन करायचं नाही, मग ते नागपूरचा कितीही नावाजलेला दवाखाना सांगो.

पण हे सगळं पार पडलं की फरक पडतो. प्लास्टिक सर्जरीतल्या ज्या ऑपरेशननंतर बाया सगळ्यांत समाधानी असतात त्यांत हे मोडतं. मान, पाठ, खांदे हलके होतात, छातीखालचं चिघळणं थांबतं. सावलीत बसून काम करणाऱ्या बाईला हा भार त्रास देतो, तर मे महिन्यात पंचेचाळीस अंशांत वाकून काम करणाऱ्या बाईला किती देत असेल? मी तिच्यासाठी ब्लाऊजचे पट्टे रुंद केले, पाठीला जाड अस्तर लावलं, खाली सुती पट्टी जोडून दिली. माझ्या शिलाईनं होण्यासारखं एवढंच होतं.

हे ऑपरेशन योजनेतून, सरकारी दवाखान्यात मिळालं पाहिजे असं मी मानते. आज काय आहे? विम्याच्या पॉलिसीत कॉस्मेटिक शस्त्रक्रिया वगळलेल्या असतात. अपघात, भाजणं किंवा कर्करोगानंतरची पुनर्रचना हा अपवाद. शिवाय तब्येतीला थेट आणि तातडीचा धोका असेल आणि डॉक्टरांनी तसं लिहून दिलं तर. आयुष्मान भारतमध्येही कॉस्मेटिक उपचार वगळलेले आहेत. ‘तातडीचा धोका’ हे शब्द वाचून मला त्या खांद्यावरच्या खाचा दिसल्या. खाचेनं कुणी मरत नाही. दहा वर्षं दुखतं, पण आज रात्री मरत नाही. म्हणून तो धोका तातडीचा ठरत नाही, आणि बाई पुन्हा त्याच एका शब्दात जाऊन पडते. मोतीबिंदूनंसुद्धा कुणी मरत नाही. ते आपण फुकट काढतो, शिबिरं भरवून काढतो, आणि चांगलं करतो.

२०१८ साली तमिळनाडू सरकारनं चेन्नईच्या स्टॅनली रुग्णालयात छातीच्या सौंदर्यशस्त्रक्रियेसाठी मोफत बाह्यरुग्ण विभाग सुरू केला तेव्हा देशभर गदारोळ झाला. तिथले आरोग्यमंत्री सी. विजयभास्कर यांचं म्हणणं होतं की गरिबांनी सुंदर दिसायची इच्छा का करू नये; इथं मिळालं नाही तर ते कर्ज काढतील किंवा धोक्याच्या वाटेला जातील. विरोधक म्हणाले, सरकारी पैसा आधी जीव वाचवायला वापरा. मी दोन्ही बाजू वाचल्या आणि मला वाटलं, दोघंही त्या एकाच शब्दाला धरून भांडत आहेत. मंत्र्यांचं अर्धं मला पटतं. शरीराबद्दल काही वाटणं ही पैसेवाल्यांची मक्तेदारी नाही. शेतमजूर बाईला आरसा नसतो असं समजणं हा तिचा अपमान आहे. पण ज्या जिल्ह्यात ग्रामीण रुग्णालयात भूलतज्ज्ञ मिळायची मारामार असते, तिथं सरकारच्या पैशांतून लग्नासाठी पिशव्या बसवून देणं मला पटत नाही. तो पैसा आधी खाचा पडलेल्या खांद्यांकडे गेला पाहिजे. एक छाती मोठी आणि दुसरी जवळजवळ नसलेली घेऊन वाढलेल्या पोरीकडे गेला पाहिजे. लहानपणी चुलीवरचं आधण अंगावर सांडून छाती भाजलेल्या पोरीकडे गेला पाहिजे. भाजल्याचा कडक व्रण वाढत्या छातीला वाढू देत नाही, तो वेळेवर सोडवावा लागतो. माझ्या वहीत अशा दोघींची मापं आहेत. दोघींनाही ‘आता झालं नं बरं, कायले दिसाचं पाह्यतं’ असंच ऐकावं लागलं.

कर्करोगात छाती गेलेल्या बायांचं तर आणखी वेगळं. छाती काढायचं ऑपरेशन योजनेतून होतं, नागपूरला, सेवाग्रामला बाया जाऊन करून येतात, जीव वाचतो. पाठीची किंवा पोटाची कातडी-चरबी घेऊन नवी छाती करता येते, हे फार थोड्या जणींना माहीत असतं, आणि माहीत असलं तरी घरचे म्हणतात जीव वाचला ते पुष्कळ. माझ्याकडे अशी एक आजी आली होती, पासष्टीची. तिला ब्लाऊजच्या डाव्या बाजूला आतून खिसा शिवून हवा होता. आधी तिच्याच शेतातला, सरकी काढलेला कापूस भरला. पण कापूस हलका, चालताना ब्लाऊज त्या बाजूनं वर सरकायचा, आणि हात वर केला की सगळी बाजूच उचलली जायची. मग आम्ही दोघींनी मिळून कापसाच्या आत ज्वारीची पुरचुंडी बांधली, थोडी थोडी काढत आणि घालत, दोन्ही बाजूंचा तोल सारखा येईपर्यंत. तास लागला. तोल आला तसा तिनं पदर नीट केला, आरशात पाहिलं आणि म्हणाली, ‘‘आता बाजारात जाईन.’’ सात महिने ती आठवडी बाजारात गेली नव्हती. पासष्ट वर्षांच्या शेतकरी बाईला दिसण्याशी काय देणंघेणं, असं जे म्हणतात त्यांनी तो तास पाहायला हवा होता.

आमच्याकडे हे बोललंच जात नाही, यात नवीन काही नाही. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातल्या दोन गावांतल्या ६५० बायांची तपासणी केली, तो अभ्यास १९८९ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. शंभरातल्या ब्याण्णव जणींना स्त्रीरोग किंवा गुप्तरोग होता, आणि त्याआधी कधीतरी तपासणी झालेल्या शंभरात जेमतेम आठ होत्या. तेव्हा जगाला पहिल्यांदा कळलं की खेड्यातली बाई काहीच सांगत नाही याचा अर्थ तिला काही होत नाही असा नसतो. तो अभ्यास आमच्या विदर्भातला आहे, याचा मला अभिमान वाटतो. पण कमरेखालचं दुखणं निदान आता सोनोग्राफीच्या रांगेत तरी उभं राहतं. छातीचं दुखणं, भार, चिघळणं, वाकडंपण हे अजून ब्लाऊज शिवणारीच्या पडवीत अडकून पडलं आहे. गाठ आली तरी बाया महिनोन्‌महिने दाखवत नाहीत, ते याच लाजेमुळे.

म्हणून आशाताईंच्या माहितीत हे यायला हवं. आशाताई घरोघरी जाते, बाळंतिणीची छाती ती पाहते, दूध येतं का विचारते. तिथंच खांद्यावरच्या खाचा, छातीखालचं चिघळणं, गाठ, भाजल्याचे व्रण विचारले तर पुष्कळ काही उघड होईल. दुसरं, संमतीपत्र मराठीत हवं आणि ते वाचून दाखवलं पाहिजे. अमेरिकेत २०२१ पासून पिशवी बसवण्याआधी बाईला एक यादी द्यावी लागते, तिनं यादीतल्या प्रत्येक भागापुढं आपली आद्याक्षरं करायची असतात. आमच्याकडे इंग्रजी कागदाच्या शेवटच्या पानावर, जिथं डॉक्टर बोट ठेवतील तिथं, सही होते. आणि सर्जन कोण ते पाहायची सवय लागली पाहिजे. या कामासाठी एम.एस.नंतर प्लास्टिक सर्जरीत एम.सीएच. किंवा त्याच्या तोडीची डीएनबी (आता तिला डीआरएनबी म्हणतात) झालेला डॉक्टर हवा. त्याची नोंदणी महाराष्ट्र वैद्यक परिषदेच्या संकेतस्थळावर कुणालाही पाहता येते. मोबाइलवर जाहिरात पाहणाऱ्या पोरीला ती नोंदणीही मोबाइलवरच पाहता येईल. हे तिला कुणीतरी एकदा दाखवायला हवं.

एक गोष्ट मात्र मला टाळायची नाही. समजा शिकलेली, स्वतः कमावणारी बाई, दोन लेकरं झालेली, छाती ओघळलेली, तिला स्वतःसाठीच ती नीट करून घ्यायची आहे. कुणी म्हणालं म्हणून नाही. नवऱ्याला विचारलंही नाही. मग? अशी एक शिक्षिका माझी गिऱ्हाईक आहे. तिनं सगळं वाचलं होतं, दोन डॉक्टरांना भेटून आली होती, पिशवी नको नुसती उचलून घेते म्हणाली, दिवाळीच्या सुट्टीत केलं, पगारातून केलं. गावात बोलणं झालं. ‘मास्तरीणबाईले शान सुचली.’ मी तिच्या बाजूनं उभी राहिले आणि राहीन. पुरुष टक्कल झाकायला तुर्कस्तानपर्यंत जाऊन केस लावून येतात, त्यांना कुणी शान म्हणत नाही. सज्ञान बाई सगळं जाणून, स्वतःच्या पैशानं, कुणाच्या धाकाखाली नसताना आपल्या अंगाबद्दल जे ठरवते त्याला मी काय किंवा गाव काय, आडवं येणारे कोण? माझा वाद तिच्याशी नाही. माझा वाद त्या मध्यस्थाशी आहे, आणि निरोप ऐकून पोत काढणाऱ्या आईशी आहे. ती आईसुद्धा पोरीवर जीव असलेलीच आहे, हे मला ठाऊक आहे. आमच्याकडे पोरीचं लग्न लांबलं की आईला चार बायांत बसवत नाही. तिला धीर देणारं कुणी नाही, म्हणून ती दवाखान्याचा रस्ता विचारते.

त्या पोरीला मी वर लिहिलेलं सगळं सांगितलं, दोन संध्याकाळी. दुहेरी पॅडचा ब्लाऊजही शिवून दिला, कारण तो तिनं मागितला होता आणि तो उसवता येतो. शेवटी एवढंच विचारलं, ‘‘समज, उद्यापासून पाहुणे येनं बंद झालं. मंग पायजे का तुले हे?’’ ती बराच वेळ टेप बोटाला गुंडाळत राहिली. मग म्हणाली, ‘‘मंग कायले पायजे?’’

चाळिशीतल्या त्या बाईला मी गेल्या पावसाळ्यात नागपूरला सरकारी दवाखान्यात घेऊन गेले. दोन खेपा झाल्या. डॉक्टरीणबाईंनी खांदे पाहिले, छातीखालची कातडी पाहिली, मानेचा फोटो काढायला लावला आणि सांगितलं, हे दुखण्याचं ऑपरेशन आहे, लाजू नका. रक्त कमी निघालं, गोळ्या सुरू केल्या. खर्रा सोडायला सांगितला. तिनं तो सोडायला घेतला आहे, वेचणीच्या ओळीत जीव कासावीस होतो म्हणते. योजनेत बसेल की नाही ते अजून ठरलेलं नाही, कागद दिले आहेत. नवरा आधी गप्प होता. परवा त्यानं मला वाटेत थांबवून विचारलं की सहा आठवडे पाणी भरायला कुणाला ठेवावं लागेल का, की त्याच्यानं होईल. होईल, म्हटलं.

वेचणी संपली की तिसरी खेप आहे. जाऊबाईच्या लेकीच्या लग्नासाठी तिनं हिरव्या रंगाचा ब्लाऊजपीस आणला होता. तो शिवायला टाकायला आली तेव्हा मी टेप हातात घेतला, तर तिनं माझा हात धरला. ‘‘आता नोका घेऊ माप,’’ म्हणाली. ‘‘कपडा राहू द्या तुमच्यापाशी. मंग घेजा.’’ तो पीस मी घडी घालून, वर तिच्या नावाची चिठ्ठी लावून, कपाटात वेगळा ठेवला आहे.